सत्तरीनंतरचे हृदयाचे आणि किडनीचे रक्ताचे रिपोर्ट : आकडे कसे वाचायचे?

नीलमोहर

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असलं की रिपोर्टांची फाइल जाड होत जाते. एखादा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि तो पाहून घरातल्यांची झोप उडते. याच्या उलटही घडतं आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सगळे आकडे ‘नॉर्मल’मध्ये, कुठेही बाण नाही, आणि किडनीचं काम मात्र निम्म्यावर आलेलं.

मी बरीच वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. रिपोर्ट हातात पडल्यावर लोक जे विचारतात त्यावरून वाटलं, एकदा सविस्तर लिहावं. हृदय आणि किडनी यांच्या चाचण्या मुद्दाम एकाच धाग्यात घेते आहे. उतारवयात त्या वेगवेगळ्या वाचताच येत नाहीत. किडनी मंदावली की हृदयाच्या चाचण्यांचे आकडे चढतात, आणि हृदय थकलं की किडनीचे.

क्रिएटिनिन सगळ्यांच्या ओळखीचं. ते स्नायूंमध्ये तयार होतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. म्हणजे रक्तातली पातळी दोन गोष्टींवर ठरते : किडनी किती बाहेर टाकते आणि स्नायू किती तयार करतात. वय वाढतं तसे स्नायू झडतात. ज्या आजींचं वजन उतरलंय, चालणं कमी झालंय, त्यांच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. त्यामुळे किडनी कमजोर असूनही आकडा 1.0 वर शांत बसलेला दिसतो. 30 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.0 असेल, तर आजच्या प्रचलित सूत्राने (सीकेडी-ईपीआय, 2021) त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण 104 येतो. तेच 1.0 जर 80 वर्षांच्या बाईंचं असेल, तर ईजीएफआर येतो 57. रिपोर्टवर दोघांनाही बाण नसतो.

ईजीएफआर म्हणजे किडनी दर मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा अंदाज. तो मोजलेला नसतो, क्रिएटिनिन, वय आणि लिंग घालून गणिताने काढलेला असतो. म्हणून क्रिएटिनिनमधली उणीव त्यातही उतरते. वय सूत्रात आहे, पण समोरचा माणूस धडधाकट आहे की हाडकुळा, हे सूत्राला कळत नाही.

यावर उपाय म्हणून सिस्टॅटिन सी ही चाचणी आहे. हे छोटं प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू कमी-जास्त असण्याचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. अशक्त, कृश वृद्धांमध्ये क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला ईजीएफआर जास्त विश्वासार्ह असतो. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या, थायरॉइडचा बिघाड, लठ्ठपणा, धूम्रपान आणि अंगातला दाह यांनी सिस्टॅटिनही हलतं.

आणि एक चाचणी रक्ताची नाही, तरी तिच्याशिवाय हा विषय अपुरा राहील : लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे एसीआर. 30 च्या खाली (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) असेल तर ठीक, 30 ते 300 मध्यम वाढ, 300 च्या वर बरीच वाढ. अल्ब्युमिन गळायला लागलं की धोका किडनीचा असतो तसा हृदयाचाही. एवढी सोपी चाचणी, आणि किती फाइलींमध्ये ती सापडतच नाही! मला याचं मनापासून वाईट वाटतं.

युरियाबद्दल थोडक्यात सांगते. पाणी कमी प्यायलं, उलट्या-जुलाब झाले, पोटात रक्तस्राव झाला की युरिया चढतो. नुसत्या युरियावरून किडनीबद्दल मत बनवू नये.

हृदयाकडच्या मुख्य चाचण्या दोन, ट्रोपोनिन आणि बीएनपी (किंवा एनटी-प्रोबीएनपी). त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की सविस्तर लिहीन. आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

दूर्वा

ताई, वेळेवर धागा काढलात. बाबा 78 वर्षांचे आहेत. क्रिएटिनिन 1.4, ईजीएफआर 51, आणि खाली छापलंय ‘स्टेज 3ए’. त्यांना बीपी आहे, मधुमेह नाही. ‘स्टेज 3’ वाचल्यापासून बाबा गप्प गप्प आहेत. त्यांना वाटतं पुढची पायरी डायलिसिसच. एसीआर केलेलीच नाही. खरंच एवढं गंभीर आहे का?

साक्षेपी

मी फिजिशियन आहे, म्हणून उत्तर देतो. इथे सल्ला मर्यादित असतो, बाबांना तपासलेलं नाही, हे धरून वाचा.

पहिली गोष्ट, एका रिपोर्टवरून दीर्घकालीन किडनीविकाराचं निदान होत नाही. ईजीएफआर 60 च्या खाली किमान तीन महिने टिकून राहिला पाहिजे, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण तेवढाच काळ दिसली पाहिजे. त्या दिवशी बाबांच्या अंगात पाणी कमी होतं का, आदल्या आठवड्यात गुडघेदुखीची गोळी चालू होती का, हेही पाहावं लागतं. वेदनाशामक गोळ्या वृद्धांच्या किडनीला त्रास देतात. त्यातून बीपीची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी सोबत चालू असेल, तर या तिघींचा एकत्र परिणाम फार वाईट होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, पायऱ्यांचा अर्थ. 45 ते 59 म्हणजे 3ए, 30 ते 44 म्हणजे 3बी, 15 ते 29 म्हणजे 4 आणि 15 च्या खाली 5. डायलिसिसचा विचार सहसा पाचव्या पायरीवर, तोही लक्षणं बघून होतो. या वयात 3ए मध्ये असलेली बहुतेक माणसं तिथवर कधीच पोचत नाहीत. त्यांना जास्त धोका हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा असतो. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांच्याकडे लक्ष देणं हाच त्यांच्या किडनीचाही उपचार.

आता दोन कामं करा. एसीआर करून घ्या आणि जुने रिपोर्ट शोधा. तीन-चार वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन सापडलं तर आजच्या आकड्याचा अर्थ लागेल. तोवर बाबांना डायलिसिसच्या विचारातून बाहेर काढा.

कातळ

मला एक मूलभूत शंका आहे. चाळिशीनंतर ईजीएफआर दरवर्षी साधारण एकाने उतरतो, असं वाचलंय. मग ऐंशीव्या वर्षी 55 असणं हा आजार म्हणायचा की वय? निरोगी म्हाताऱ्या माणसाला ‘स्टेज 3’चा शिक्का मारून आपण उगाच रुग्ण बनवतोय, असं वाटत नाही का? वयानुसार चौकट बदलायला नको?

साक्षेपी

शंका रास्त आहे आणि तज्ज्ञांमध्येही यावर वाद आहे. 2019 मध्ये काही तज्ज्ञांनी असा प्रस्ताव मांडला की निदानाची रेषा वयाप्रमाणे ठरवावी : चाळिशीच्या आत 75, 40 ते 65 मध्ये 60, आणि 65 च्या पुढे 45. त्यामागे तुमचंच म्हणणं आहे, की अल्ब्युमिन गळत नसलेल्या वृद्धांमध्ये 45 ते 59 या पट्ट्यात धोका फारसा वाढलेला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही वजनदार आहे. ईजीएफआर कमी असलेल्या वृद्धाला औषधांचे दुष्परिणाम लवकर होतात. एखाद्या तापात, जुलाबात किंवा ऑपरेशनच्या वेळी त्याची किडनी पटकन कोलमडते. आजार म्हणा किंवा वय म्हणा, राखीव ताकद कमी झालेली असते हे खरंच. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी (केडिगो, 2024) 60 ची रेषा सगळ्या प्रौढांसाठी कायम ठेवली आहे.

माझं मत विचाराल तर, शब्द काहीही वापरा, पण तो आकडा फाइलमध्ये ठळक लिहून ठेवा. पुढचा डॉक्टर डोस ठरवताना तो पाहील.

पाणपोई

आईला (वय 81) छातीत अस्वस्थ वाटलं म्हणून रात्री इमर्जन्सीमध्ये नेलं होतं. ट्रोपोनिन टी 31 आलं, मर्यादा 14 लिहिलेली. आमचं धाबं दणाणलं. तीन तासांनी परत रक्त घेतलं, तर 32. ईसीजी आधीसारखाच. डॉक्टर म्हणाले हार्ट अटॅक नाही. मर्यादेच्या दुपटीहून जास्त असताना ‘नाही’ कसं म्हणता येतं, हे मला अजून नीट समजलेलं नाही. तिला किडनीचा जुना त्रास आहे.

नीलमोहर

पाणपोई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या नमुन्यात आहे.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात येतं. 14 ही मर्यादा कुठून आली? निरोगी माणसांचा मोठा गट घ्यायचा आणि त्यातल्या 99 टक्के लोकांचे आकडे ज्याच्या खाली येतात ती रेषा धरायची. अशा गटांमध्ये तरुण आणि मध्यमवयीन माणसंच जास्त असतात. सत्तरी-ऐंशीच्या बऱ्याच लोकांचा रोजचा, नेहमीचा आकडाच 14 च्या वर असतो. किडनीचा जुना विकार, हृदयाची कमजोरी, बीपीमुळे जाड झालेला हृदयाचा स्नायू यापैकी काही असेल तर तो आणखी वर.

हार्ट अटॅकमध्ये आकडा हलतो. काही तासांत स्पष्ट चढतो किंवा उतरतो. 2018 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही हेच आहे : मर्यादेच्या वरचा आकडा, त्यात चढ किंवा उतार, आणि सोबत लक्षणं, ईसीजीतला बदल किंवा तपासणीतला तसा पुरावा. आईंचा 31 वरून 32 म्हणजे जागचा हललाच नाही. म्हणून ‘अटॅक नाही’.

पण हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. सतत वर राहणारं ट्रोपोनिन म्हणजे हृदयावर कायमचा ताण आहे. अशा माणसांना पुढे हृदयाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि 31 हा आकडा तारखेसह लिहून, सहज सापडेल असा ठेवा. पुढे कधी इमर्जन्सीत जावं लागलं तर ‘हिचं नेहमीचं 31 आहे’ हे एक वाक्य डॉक्टरांचे कित्येक तास वाचवेल.

आणखी एक, लॅबवाली म्हणून सांगितलंच पाहिजे. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेतल्या जातात. काही कंपन्यांच्या ट्रोपोनिन चाचणीत त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अशी गोळी चालू असेल तर रक्त देताना सांगा.

मुक्तछंद

माझ्या सासऱ्यांचं एनटी-प्रोबीएनपी 1400. वय 82. ठोके अनियमित आहेत (एएफ), रक्त पातळ करणारी गोळी चालू. जिना चढताना दम लागतो, पण तो तसा जुनाच. रिपोर्टवर ‘125 पेक्षा कमी’ असं लिहिलंय. अकरा पट आहे हो!

नीलमोहर

अकरा पट हा हिशोब इथे चालत नाही, आधी तेवढी भीती काढून टाका.

हृदयाच्या भिंतीवर ताण आला की स्नायूपेशी एक मोठी साखळी तयार करतात आणि तिचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, दुसरा एनटी-प्रोबीएनपी. बीएनपी रक्तातून लवकर जातं. एनटी-प्रोबीएनपी जास्त वेळ टिकतं आणि ते बाहेर टाकण्यात किडनीचा वाटा मोठा. म्हणून किडनी मंद असेल तर हृदय तेवढंच थकलेलं असूनही आकडा फुगतो. एएफमध्ये तो चढतो आणि वयानेही चढतो. लठ्ठ माणसांमध्ये मात्र उलट, हृदय खरोखर थकलेलं असूनही आकडा कमी येतो, तिथे फसायला होतं.

125 ही रेषा दवाखान्यात चालत आलेल्या, हळूहळू त्रास वाढलेल्या माणसासाठी आहे. त्याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही, एवढाच तिचा उपयोग. वर असेल तर आहेच, असा तिचा अर्थ नव्हे. अचानक दम लागून इमर्जन्सीत आलेल्यांसाठी रेषा वेगळ्या : 300 च्या खाली असेल तर बहुधा नाही, आणि ‘बहुधा आहे’ म्हणायला पन्नाशीच्या आत 450, 50 ते 75 मध्ये 900, आणि 75 च्या वर 1800. सासऱ्यांचे 1400 आणि सोबत एएफ, म्हणजे धूसर पट्टा. इथे निकाल इको देईल, आणि पायावरची सूज, रात्री उशा वाढवाव्या लागणं, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढणं ही लक्षणं देतील.

साक्षेपी

यात एक भर. हार्ट फेल्युअरसाठी सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ही गोळी चालू असेल तर बीएनपी चाचणीवर अवलंबून राहू नका. ती गोळी बीएनपी मोडणारं एन्झाइमच अडवते, त्यामुळे तब्येत सुधारत असतानाही बीएनपी चढू शकतं. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी करावं. बऱ्याच जणांच्या फाइलीत एकदा एक, एकदा दुसरी चाचणी असते आणि नातेवाईक त्या आकड्यांची तुलना करत बसतात. दोन्हींचे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, एकमेकांशी लावू नका.

शिशिर

आमच्या काकूंना रामिप्रिल सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 वरून 1.3 झालं. घरच्यांनी ‘गोळी किडनी खराब करतेय’ म्हणून परस्पर बंद केली. पोटॅशियम 5.1 होतं. बरोबर केलं का?

साक्षेपी

नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो, कारण असं वारंवार होतं आणि त्यात माणसाचं नुकसान होतं.

या गोळ्या किडनीतल्या सूक्ष्म गाळण्यांमधला दाब उतरवतात. दाब उतरला की गाळण्याचा वेग सुरुवातीला थोडा कमी होतो, म्हणून क्रिएटिनिन थोडं चढतं. पण त्याच कमी दाबामुळे पुढची अनेक वर्षं किडनीची झीज कमी होते. चार आठवड्यांत 30 टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घ्यायची, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. 1.1 वरून 1.3 म्हणजे सुमारे 18 टक्के. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या नव्या गोळ्यांतही सुरुवातीला ईजीएफआर असाच थोडा उतरतो. त्या किडनी आणि हृदय दोन्हीला उपयोगी आहेत, हे 2019 पासूनच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलंय.

30 टक्क्यांच्या वर गेलं तर मात्र कारण शोधायचं : पाणी कमी पडलंय का, वेदनाशामक चालू आहे का, किडनीची रक्तवाहिनी अरुंद आहे का. 48 तासांत 0.3 ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट, ही किडनीला अचानक इजा झाल्याची खूण. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

5.1 पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही. काकूंनी गोळीबद्दल डॉक्टरांशी उद्याच बोलावं. आणि जुलाब, उलट्या, ताप आले तर कुठल्या गोळ्या काही दिवस थांबवायच्या, हेही त्याच भेटीत विचारून लिहून घ्यावं.

नीलमोहर

पोटॅशियमबद्दल लॅबच्या बाजूने. रक्त घेताना पेशी फुटल्या, मूठ जोरजोरात उघड-मीट केली, किंवा नमुना लॅबला पोचायला उशीर झाला, तर पोटॅशियम खोटं जास्त दिसतं. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर आधी नमुना पुन्हा द्या. शेरा नसेल आणि आकडा 6 च्या वर असेल, तर मात्र वाट पाहू नका. हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

निरंजनी

मी फार्मसिस्ट आहे. नीलमोहर यांच्या 80 वर्षांच्या बाईंचंच उदाहरण पुढे नेते, कारण औषधाच्या डोसचा प्रश्न इथेच अडतो.

समजा त्यांचं वजन 45 किलो आहे. क्रिएटिनिन 1.0, छापील ईजीएफआर 57. पण हा 57 सरासरी आकाराच्या शरीरासाठी (1.73 चौरस मीटर) काढलेला असतो. बऱ्याच औषधांचे डोस 1976 च्या जुन्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रावर ठरवलेले आहेत आणि त्यात वजन धरतात. त्या सूत्राने याच बाईंचं उत्तर येतं 32. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या बाबतीत 57 आणि 32 यांत फार मोठा फरक आहे. एएफसाठी दिलेल्या एपिक्साबानचा नियम तर आणखी वेगळा : वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन लागू असतील तर डोस कमी. या बाईंना पहिल्या दोन लागू आहेत, म्हणजे क्रिएटिनिन नॉर्मल असूनही कमी डोस.

म्हणून माझी विनंती, औषध घेताना वृद्धाचं हल्लीचं वजन सांगा. दोन वर्षांपूर्वीचं नको.

मुक्तछंद

निरंजनी, हे फारच उपयोगी. सासऱ्यांचं वजन कुणी विचारलेलंच नाही. उद्या करून घेतो. इकोची वेळही घेतली आहे.

दूर्वा

परत आले. एसीआर 18 आली. जुन्या फाइलीत तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, क्रिएटिनिन तेव्हाही 1.4, ईजीएफआर मात्र तिथे छापलेलाच नाही. आमच्या डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी सुचवली आहे. बाबा थायरॉइडची गोळी घेतात, मग ती चाचणी चालेल का?

नीलमोहर

दूर्वा, चांगली बातमी आहे. तीन वर्षांपूर्वीच्या 1.4 वरून आजच्याच सूत्राने 75 व्या वर्षाचा ईजीएफआर काढला तर तो येतो 52. आज 51. म्हणजे किडनी जिथे होती तिथेच आहे, आणि अल्ब्युमिनही गळत नाही.

डॉक्टरांचा सल्ला अगदी बरोबर. 45 ते 59 च्या पट्ट्यात असलेले आणि एसीआर नॉर्मल असलेले, हेच सिस्टॅटिन सी ने खात्री करून घेण्यासाठी सगळ्यात योग्य लोक. त्यावरून काढलेला ईजीएफआर 60 च्या वर आला, तर किडनीविकाराचं निदान पक्कं होत नाही. खाली आला, तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि एसीआर करत राहायचं, शक्यतो एकाच लॅबमध्ये.

थायरॉइड नियंत्रणात असेल तर अडचण नाही. थायरॉइड मंद असेल तर सिस्टॅटिन कमी दिसतं, जास्त चालत असेल तर जास्त. बाबांचा टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) हल्ली झाला नसेल तर त्याच नमुन्यात करून घ्या, आणि दोन्ही निकाल डॉक्टरांना एकत्र दाखवा.

दूर्वा

टीएसएच मागच्याच महिन्यात केला होता, नॉर्मल आहे. सोमवारी सकाळी रक्त द्यायला घेऊन जाते बाबांना. निकाल आला की इथेच लिहीन.